मनाचा दवाखाना गावात यावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दर लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्याचे साठाहून अधिक कर्मचारी आहेत. गरीब देशांत दोनही नाहीत. २०११च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. पहिला हिशेब इथे लावला तर सोळाशेहून अधिक माणसे लागतील. दुसरा लावला तर पंचावन्नही भरणार नाहीत.

आकड्यांइतकेच अंतरही महाग पडते. झरी-जामणीहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे तर मजुरी बुडते. कोलामी बोलणाऱ्या बाईला घाईगर्दीच्या ओपीडीत आपले दुखणे मराठीत मांडावे लागते. त्यातून ‘मला नैराश्य आले’ असे कोणी म्हणत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, एवढेच सांगितले जाते. मग आधी सलाईन, नंतर भगत आणि मानसोपचारतज्ज्ञ सगळ्यात शेवटी. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने उलटी वाट धरली. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले. तज्ज्ञाकडे गेले ते अवघड रुग्णच. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. झिम्बाब्वेतील हरारेत हेच काम दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून प्रशिक्षित आजीबाई करतात.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५मध्ये राज्याने यवतमाळसह १४ जिल्ह्यांत समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यातही भिस्त आशाताईंवरच. पण गरोदर बायांची नोंद, लसीकरण, क्षयरुग्णांची औषधे हे सारे त्यांच्याच अंगावर, आणि मोबदल्याचा एक भाग कामागणिक. मन मोकळे व्हायला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे कोण देणार? शिवाय समुपदेशनाने कापसाचा भाव वाढत नाही की कर्ज फिटत नाही. भाव, पाणी आणि पतपुरवठा यांचे उत्तर कृषी धोरणानेच द्यायला हवे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येते, गरज वाटेल त्याने जरूर फोन करावा. मात्र जो फोन उचलण्याच्याही मनःस्थितीत नाही, त्याच्या दारी जाणारे, त्याच्याच बोलीत बोलणारे आणि त्या कामाचा नियमित पगार घेणारे माणूस गावोगाव नेमले, तरच हा हक्क कागदावरून खाली उतरेल.