पोरीची एकच बाजू भरली तर…

तायांनो, हा विषय बैठकीत कुणी काढत नाही. बचतीचा हिशोब झाला, सह्या झाल्या, की चप्पल घालताना एखादी हळूच विचारते, "मॅडम, पोरीची एक बाजू भरलीच नाही हो." म्हणून इथे सगळ्यांसाठीच लिहिते.

दोन बाजूंत थोडा फरक प्रत्येकीच्या असतो. वाढ सुरू होताना, आठ-दहा वर्षांच्या मुलीला, आधी एकाच बाजूला गाठीसारखं लागतं. तो स्तनाचा कोंब असतो. घाबरून तो कापून टाकला तर तिथे पुढे स्तन वाढत नाही. तान्ह्या मुलीची छाती दूध काढायचं म्हणून पिळतात, त्यानेही पू होऊन हा कोंब खराब होऊ शकतो. तेवढं घरातल्या आजीबाईंना नक्की सांगा.

काहींच्या छातीचा मोठा स्नायूच जन्मतः एका बाजूला अपुरा असतो. याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. (पोलंड देशाशी संबंध नाही. १८४१ साली अल्फ्रेड पोलंड या लंडनच्या विद्यार्थ्याने त्याचं वर्णन केलं.) कधी त्याच हाताची बोटं आखूड किंवा जोडलेली असतात. गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत त्या भागाला रक्त कमी पोचल्याने हे होत असावं, असं डॉक्टर मानतात. आईने ग्रहणात विळी धरली म्हणून नाही! सुनेला बोल लावू नका.

ऑपरेशन करायलाच हवं असं नाही, ते मुलीने ठरवायचं. ब्रामध्ये पॅड घालूनही चालतं. करायचंच तर वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण अठरानंतर. पाठीचा रुंद स्नायू पुढे वळवतात, पोटा-मांडीची चरबी भरतात (ती एकापेक्षा जास्त वेळा भरावी लागू शकते) किंवा सिलिकॉनची पिशवी बसवतात. लग्नानंतर बाळाचं काय? दुसऱ्या बाजूच्या दुधावर बाळ नीट वाढतं.

छातीचं हाड आत दबून खळगा पडला असेल आणि धाप लागत असेल, तर मात्र अठरापर्यंत थांबू नका.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्यातल्या डॉक्टरताईंना बाजूला घेऊन सांगा, किंवा थेट नाशिकच्या सिव्हिलला न्या. ऑपरेशन ठरलं तर ते महात्मा फुले योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.