नेक की ब्रिज? पिकअप विकत घेण्याआधी स्विच हलवा

आजचा भाग वेरूळहून, घराच्या गच्चीवरून. मागे टूरिस्ट बसचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

चुलतभावाच्या हळदीला मी वीस मिनिटं गिटार वाजवली. खाली उतरलो तर आई विचारते, "तू वाजवत होतास का रे?" त्याच रात्री सहा हजारांचा नवा पिकअप कार्टमध्ये टाकला. सकाळी म्हटलं, आधी डीबग तर करू.

पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार हलली की वेढ्यांत वीज तयार होते. म्हणजे पिकअपला फक्त त्याच्या डोक्यावर तार कशी हलतेय तेवढंच कळतं. दोरीच्या उड्या आठवा. मध्ये दोरी मोठा झोका घेते, हाताजवळ जेमतेम हलते. ब्रिजजवळ तार तशीच कमी हलते. तिथे मूळ सुराचा जोर घटतो आणि त्यामानाने वरचे हार्मोनिक पुढे येतात, म्हणून आवाज धारदार. नेककडे मूळ सूर भरपूर, म्हणून आवाज गोल, जाडसर.

हे खोटं वाटत असेल तर करून बघा. स्ट्रॅटोकास्टरची तार 648 मिलीमीटर, आणि नेक पिकअप ब्रिजपासून साधारण 162 वर, म्हणजे बरोबर पाव अंतरावर. चौथा हार्मोनिक तिथे हलतच नाही! पाचव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून तार छेडा. नेकवर आवाज मलूल, ब्रिजवर टणटणीत. [दोन्ही आवाज] ऐकलंत? पण हे मोकळ्या तारेपुरतंच हं. फ्रेट दाबला की तारेची लांबी बदलते, गणितही बदलतं.

आता माझी चूक. खोलीत एकट्याने वाजवताना नेक मधासारखा गोड लागतो, म्हणून तोच लावून स्टेजवर गेलो. तिथे ढोलकीचा धुम आणि कीबोर्डचा डावा हात त्याच खालच्या पट्ट्यात बसलेले. त्यात हॉल घुमणारा. आमच्या दहा नंबरच्या लेणीत, 'सुतार की झोपडी'त, गेला असाल तर घुमणं म्हणजे काय ते सांगायला नको. जाड आवाज तिथे लापशी होतो.

मग नियम काय? एकट्याने, क्लीन, सावकाश वाजवायचं असेल तर नेक. गर्दीतून सोलो वर काढायचा किंवा डिस्टॉर्शनवर रिफ वाजवायचा तर ब्रिज. पण जॅझवाले नेक सोडत नाहीत, आणि डिस्टॉर्शनवर नेकचा सोलो मला स्वतःला फार आवडतो, तेव्हा नियम सैल धरा. ब्रिज कानाला टोचला तर ॲम्पचा ट्रेबल उतरवा. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट वायरिंगमध्ये ब्रिजला टोन नॉबच नसतो, उगाच फिरवत बसू नका.

कार्ट रिकामी केली. रविवारी वरातीनंतर परत वाजवलं, स्विच ब्रिजवर. आई म्हणाली, "आज जरा जास्तच ऐकू येत होतं."