घंटा सातची, शरीर कितीचं?

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो साधारण सव्वासातला. सकाळच्या सत्राची घंटा मात्र कित्येक शाळांत सातलाच होते. म्हणजे राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, हजेरी संपत आली आणि मग सूर्य आला. त्याच्या नावापुढे उशिराची खूण करायला हरकत नव्हती, पण चूक त्याची नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. ती रेषा उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला पडते. फरक ३९ मिनिटांचा. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी हट्टाने मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालवला. त्या जुन्या वेळेने पाहिलं तर आजची सातची शाळा सहा एकवीसला भरते. त्याच घंटेला नागपूरच्या पोरांनी पाच-सात मिनिटं ऊन पाहिलेलं असतं.

एवढ्याशा मिनिटांनी काय होतं? पुष्कळ होतं. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेची सूर्यास्ताशी सांगड घालून पाहिली. सूर्य जिथे तासभर उशिरा मावळतो, तिथे मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात. ती आडवी होतात उशिरा, पण उठतात सगळ्यांसारखीच, कारण शाळा घड्याळाने भरते आणि झोप अंधाराने येते.

हा अंधार मोजणारं घड्याळ प्रत्येकाच्या डोक्यात आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका असतो. दिवसाचे साधारण २४ तास तो स्वतःच मोजतो आणि रोजचा उजेड पाहून चूकभूल दुरुस्त करून घेतो. दिवेलागणीनंतर त्याच्या इशाऱ्यावर पिनियल ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडू लागते आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागतं.

मला थक्क करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. हे घड्याळ वयाबरोबर सरकतं. चार वर्षांचं पोर पहाटे उठून घर डोक्यावर घेतं, तेच पोर पंधराव्या वर्षी रात्री अकराला टक्क जागं असतं आणि सकाळी हलवलं तरी हलत नाही. मोबाइलवर खापर फोडणं सोपं आहे आणि मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण मेरी कार्सकॅडन या अमेरिकन संशोधक बाईंना हे दिसलं तेव्हा मोबाइल कुणाच्या खिशात नव्हता.

१९७० च्या दशकात त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरं घेतली. दहा-बारा वर्षांची मुलं यायची आणि पुढच्या उन्हाळ्यांत तीच मुलं पुन्हा. रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठला उठायचं. मुलं मोठी होतील तशी त्यांना झोप कमी पुरेल, असा तेव्हाचा समज. झालं भलतंच. वय वाढलं तरी झोप सव्वानऊ तासांच्या आसपासच राहिली. उलट मोठी झालेली मुलं तेवढीच झोप घेऊनही दिवसा जास्त पेंगायला लागली.

पुढे त्यांनी लाळ तपासली. मंद उजेडाच्या खोलीत मुलांना बसवायचं आणि ठरावीक वेळाने नळीत थुंकायला सांगायचं. लाळेतलं मेलाटोनिन कधी वाढतं यावरून शरीराची रात्र कधी सुरू झाली ते कळतं. वयात येणाऱ्या मुलांची रात्र उशिरा सुरू होते, हे त्यातून उघड झालं. शिवाय दिवसभर जागून झोपेची जी ओढ साचत जाते, तीही या वयात सावकाश साचते. आईबाबा जांभया देत असतात आणि दहावीतला मुलगा खरोखरच ताजातवाना असतो. तो नाटक करत नाही.

कार्सकॅडन यांचा १९९८ सालचा अभ्यास वाचून मात्र जरा भीतीच वाटते. नववीतून दहावीत गेल्यावर काही मुलांची शाळा ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली. त्यांना सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत आडवं व्हायला सांगितलं. जवळपास निम्मी मुलं सकाळच्या या डुलक्यांत काही मिनिटांतच थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. एरवी निरोगी माणूस त्या टप्प्यावर पोचायला तास-दीड तास घेतो. या मुलांच्या मेंदूत अजून रात्रच चालू होती आणि दप्तर घेऊन शाळेत पोचलं होतं फक्त शरीर.

विशीच्या सुमाराला हे घड्याळ सर्वांत मागे पडतं, मुलींचं मुलग्यांच्या थोडं आधी, आणि मग आयुष्यभर हळूहळू परत पुढे येतं. आजोबांना साडेचारला जाग येते, त्याच घरात नातू रविवारी बारापर्यंत लोळतो. दोघं एकमेकांना नावं ठेवतात, आणि दोघांचाही त्यात काही इलाज नसतो.

धाकट्यांचं गणित निराळं. त्यांच्या बाबतीत प्रश्न सकाळचा कमी, दुपारचा जास्त. मॅसॅच्युसेट्समध्ये रिबेका स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चित्रांचा खेळ दिला: कुठलं चित्र कुठल्या चौकोनात होतं ते आठवून सांगायचं. दुपारी झोपली तेव्हा मुलांना जास्त जागा आठवल्या. ज्यांना रोज झोपायची सवय होती आणि त्या दिवशी जागं ठेवलं, ती बरंच विसरली आणि रात्रभर झोपूनही ती उणीव भरून निघाली नाही. बालवाडीत जेवणानंतर सतरंज्या घालतात, तो वेळ काही पालकांना फुकट गेला असं वाटतं. माझ्या मते सकाळी घेतलेली गाणीगोष्टी मुरण्याची वेळ तीच.

आता आपल्याकडचं पाहू. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. हेतू चांगला होता. घरात सगळे अकरापर्यंत जागे, तर पाच वर्षांचं पोर एकटं आठला कसं निजेल? पण यात एक गंमत आहे. लहानग्यांचा उशीर घराने केलेला असतो आणि घर मनावर घेईल तर तो आटोक्यात येऊ शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाचा उशीर बराचसा शरीराचा आहे, आणि निर्णय त्याच्याबद्दल काहीच बोलत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सुचवलं ते नेमकं मोठ्यांसाठी: वयात येणाऱ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून मोठ्यांच्या शाळांना तसा कायदाच लागू केला.

सिअॅटलने २०१६ मध्ये मोठ्यांची शाळा ७.५० वरून ८.४५ वर नेली आणि बहुतेक प्राथमिक शाळा लवकर भरवायला सुरुवात केली. मुलं आता आणखी उशिरा झोपतील, असं पुष्कळांना वाटलं होतं. संशोधकांनी दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर हालचाल नोंदणारी घड्याळं बांधली. मुलं रात्री पूर्वीच्याच वेळेला झोपत होती, फक्त सकाळी जास्त वेळ, एकूण ३४ मिनिटं जास्त. दोन शाळांपैकी ज्या शाळेत गरीब घरची मुलं अधिक होती, तिथे हजेरीही सुधारली.

आपल्याकडे एकाच इमारतीत दोन सत्रं भरतात. चौथीपर्यंतचे वर्ग नवाच्या पुढे गेले की सकाळच्या सातच्या खोल्या कोणी भरायच्या? पाचवी ते दहावीने. निदान तिथे तरी निवड करता येईल. पाचवी-सहावीतली बरीच मुलं अजून वयात यायची असतात, लवकर झोपवली तर लवकर उठतात, त्यांना सकाळ द्यावी आणि आठवी ते दहावीला दुपार. नवी इमारत बांधावी लागणार नाही, फक्त वेळापत्रक लावणाऱ्या बाईंना सुट्टीत दोन दिवस बसावं लागेल. आणि दहावीचे जादा तास सकाळी साडेसहाला ठेवण्याची जी रीत आहे, ती सोडून ते शाळा सुटल्यावर घ्यावेत. तेव्हा शिकवणारे दमलेले असतील हे खरं, पण समोरचा वर्ग तरी जागा असेल.