वर्षानुवर्षं न उघडलेला खोका

मोजणीची जुनी साधनं : भाग ८

सोनईतल्या माझ्या टेबलावर एक ऑसिलोस्कोप आहे. दोन चॅनेलचा, वीस मेगाहर्ट्‌झचा. तंत्रनिकेतनाच्या लिलावातून घरी आला तेव्हा त्याच्या प्रोबची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

असे कोरे खोके आपल्याकडे का सापडतात, ते आधी सांगतो. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि भराभर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. यादीत जेवढे नग, तेवढे घ्यायचेच. ठाण्याच्या ॲपलॅबचे पॉवर सप्लाय, नाशिकच्या मोटवानेचे मल्टिमीटर तिथे हमखास दिसत. काही नगांची डेड स्टॉक रजिस्टरात नोंद झाली आणि ते कपाटातच राहिले. निर्लेखन झालं की तेच लिलावात येतात, तिथून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर.

विकणारा म्हणतो, ‘पॅक पीस आहे, एकदाही लावलेला नाही.’ हे ऐकून मी माझा पहिला पॉवर सप्लाय घेतला आणि घरी येताच थेट २३० व्होल्टला लावला. काही मिनिटांत आत फट्‌ असा आवाज झाला आणि खोलीभर उग्र वास पसरला.

दोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा होता. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि तोच इन्सुलेटरचं काम करतो. व्होल्टेज मिळत राहिलं की हा थर स्वतःची डागडुजी करतो. वर्षानुवर्षं मिळालं नाही की तो कमजोर होतो. अशा वेळी एकदम पूर्ण दाब दिला तर आतून करंट गळतो, कपॅसिटर तापतो, शेवटी फुटतो. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीवर जातो. पत्र्याच्या खोलीत पडलेल्या कपॅसिटरमधला द्रवही हळूहळू सुकत जातो.

बरेच दिवस बंद असलेली विहिरीवरची मोटर चालू करण्याआधी आपण तिचा पंखा हाताने फिरवून बघतोच ना? तेच इथे करायचं. खोका उघडून आधी आत बॅटरी राहिली आहे का ते पाहा. गळून तिने पट्ट्या खाल्लेल्या असतात. मेन्सची वायर वाकवून पाहा, कडक होऊन तडकली असेल तर बदला. मागचा व्होल्टेज सिलेक्टर ११० वर नाही ना, तेही बघा. मग डिमरस्टॅट (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करायचं साधन) आणि सिरीज बल्ब लावून चाळीस-पन्नास व्होल्टपासून सुरुवात करा आणि काही तासांत टप्प्याटप्प्याने वर न्या. बल्ब उजळतच राहिला तर थांबा, कपॅसिटर बदलावा लागेल. ही रीत साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायसाठी आहे. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा सप्लाय) असेल तर कमी व्होल्टेजवर उलट नुकसान होतं. तिथे कपॅसिटर काढून तपासलेले बरे. आणि डिमरस्टॅट लावला म्हणून शॉक बसणार नाही असं समजू नका. तो मेन्सपासून वेगळा करत नाही.

रोटरी स्विचचे संपर्क न फिरवल्याने काळे पडलेले असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवले की बहुतेक सुधारतात. कॅलिब्रेशन मात्र जागेवर असेल असं गृहीत धरू नका. कार्बनचे रेझिस्टर पडल्या-पडल्याही किंमत बदलतात.

मग कोरा नग घ्यावाच कशाला? पिक्चर ट्यूबसाठी. वापरलेल्या स्कोपची ट्यूब मंदावते, पडद्यावर रेषेचे डाग पडतात, आणि तशी ट्यूब आता सहजी मिळत नाही. कोऱ्या नगात ती ताजी असण्याची शक्यता मोठी. सोबत छापील मॅन्युअल आणि त्यातला सर्किट डायग्रॅम मिळाला तर मी त्यासाठी वेगळे पैसे मोजतो. सीलबंद पुठ्ठ्यासाठी मोजत नाही.

म्हणून विकणारा ‘चालू करून दाखवतो’ म्हणत प्लग हातात घेईल, तेव्हा त्याला थांबवा. चालू न करता, दुरुस्ती लागेल असं धरून भाव ठरवा आणि नग तसाच घरी आणा.

(पुढील भागात : प्रोब)