टोकायने कोणता भूतकाळ निवडला?

१९९० साली हंगेरीच्या टोकाय प्रदेशातल्या माद या गावात ‘रॉयल टोकायी’ ही कंपनी उभी राहिली. पुढाकार इंग्रज वाइनलेखक ह्यू जॉन्सन आणि डॅनिश वाइनतज्ज्ञ पीटर विंडिंग-डियर्स यांचा, आणि सोबत गावचे ६३ द्राक्षबागायतदार. कम्युनिस्ट राजवट जाऊन वर्षही झालं नव्हतं. जमिनी कुणाच्या नावावर होणार हे ठरायचं होतं, तळघरं अजून सरकारची होती. अशा वेळी या मंडळींनी ठरवलं, की टोकायची जुनी वाइन परत आणायची. जुनी म्हणजे नेमकी कधीची, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. पुढची सगळी भांडणं त्याच प्रश्नावरून झाली.

नावाची कमतरता कधीच नव्हती. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमाजवळच्या ज्वालामुखी टेकड्यांची हद्द १७३७च्या शाही फर्मानाने आखून दिली, म्हणजे पोर्तुगालच्या डोरो खोऱ्याच्याही १९ वर्षं आधी. रशियन दरबाराने वाइन खरेदीसाठी टोकायमध्ये आपली माणसंच मुक्कामाला बसवली होती. हंगेरियन कवी कोल्चेईने १८२३ साली लिहिलेल्या आणि पुढे राष्ट्रगीत झालेल्या कवितेतही टोकायच्या वेलींचा उल्लेख आहे. मग १९व्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्झेरा किडीने बागा खाल्ल्या, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात प्रदेशाचा एक तुकडा सीमेपलीकडे गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेलं सरकारजमा झालं. ट्रॅक्टर चढत नाही म्हणून चढावरच्या उत्तम बागा ओस पडल्या, लागवड सपाटीवर उतरली. गावोगावची द्राक्षं एका सरकारी कारखान्याच्या टाक्यांत एकत्र होऊ लागली. गिऱ्हाईक मुख्यतः सोव्हिएत संघ. ते तक्रार करत नव्हतं.

या वाइनचं सगळं गणित एका बुरशीवर चालतं. शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि बोट्रायटिस बुरशी पिकलेल्या मण्यांची साल सच्छिद्र करते. पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा आटून राहतो. तासगावच्या शेडमध्ये जाळीवर बेदाणा होतो, तसा इथे तो वेलीवरच होतो, फक्त बुरशीच्या हातून. भुरी आणि डाऊनी या रोगांच्या धास्तीने फवारणीचं वेळापत्रक भिंतीला लावणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे ऐकून घाम फुटेल! हे आटलेले मणी, म्हणजे आसू, घडातून एकेक करून हाताने खुडतात. दिवसभरात एका माणसाकडून जेमतेम आठ-दहा किलो होतात. पाठीवर वाहायची लाकडी टोपली म्हणजे पुट्टोन्य, साधारण २५ किलोची. गोन्त्स गावच्या १३६ लिटरच्या पिंपामागे अशा किती टोपल्या घातल्या, त्यावरून तीन, चार, पाच, सहा पुट्टोन्य अशी प्रतवारी ठरायची. या मण्यांच्या ढिगातून केवळ त्यांच्याच वजनाने ठिबकणारा रस म्हणजे एसेन्सिया. त्यात साखर इतकी असते, की तो आंबायलाच वर्षं लागतात.

रॉयल टोकायीपाठोपाठ पैसा आला. १९९२ साली फ्रान्सच्या एक्सा विमा समूहाने डिस्नोको ही इस्टेट घेतली, १९९३ साली स्पेनच्या वेगा सिसिलिया या वाइनरीच्या मालकांनी ओरेमुश उभं केलं. १९९३चा हंगामही आसूसाठी उत्तम निघाला. पण बाटल्या उघडल्या तेव्हा वाद पेटला. सरकारी काळातली आसू वर्षानुवर्षं अर्धवट भरलेल्या पिंपांत राहून तपकिरी झालेली असे. तिला शेरीसारखा, अक्रोडाचा वास येई. नव्यांनी पिंपं काठोकाठ भरली आणि वाइन लवकर बाटलीत घातली. जर्दाळू, मध आणि झणझणीत आंबटपणा असलेली ही वाइन तपासणी मंडळातल्या काहींना टोकायीच वाटेना. नमुन्यात बसत नाही म्हणून काही बाटल्या नाकारल्याही गेल्या.

परदेशी मंडळी म्हणत होती, आम्ही कम्युनिस्टपूर्व चव परत आणतोय. १८व्या शतकातली आसू कशी लागत होती हे सांगायला कोण जिवंत होतं? माझ्या मते त्यांनी भूतकाळ परत आणला नाही, अनेक भूतकाळांतला लंडन-पॅरिसच्या जिभेला रुचणारा एक निवडला. निवड चांगली होती, हेही तितकंच खरं. शिवाय शिवारांच्या जुन्या वर्गवारीचा त्यांनी खरोखर उपयोग केला. रॉयल टोकायीने मेझेश माय, बेत्सेक, न्युलासो अशा एकेका शिवाराची आसू वेगळी बाटलीबंद केली. सरकारी टाकीत हरवलेली शिवारांची नावं लेबलावर परत आली, आणि हे काम मला चवीच्या वादापेक्षा मोठं वाटतं.

दुसरी कलाटणी मात्र स्थानिक माणसाने दिली. मादच्याच इस्तवान सेप्शी यांनी २००० साली ऊराग्या या एका शिवारातून कोरडी फुरमिंट काढली. तोवर फुरमिंट हे द्राक्ष म्हणजे आसूचा कच्चा माल. हिच्यातून बर्गंडीच्या तोडीची कोरडी पांढरी वाइन होऊ शकते, हे त्यानंतर सगळ्यांनाच दिसलं. जगभर गोड वाइनचा खप घटत होता आणि २०१०सारख्या पावसाळी वर्षी आसू मिळणंच मुश्कील होतं. आज कोरडी फुरमिंट घर चालवते आणि आसू घराण्याचं नाव राखते.

२००२ साली हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. २००७नंतर फ्रान्सच्या अल्सासमधल्या उत्पादकांना लेबलावर ‘टोके’ लिहिण्याची मुभा उरली नाही. २०१३च्या नियमांनी तीन आणि चार पुट्टोन्य रद्द केले. आता आसूत लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर हवी. दर्जा राखायला हे ठीक, पण बेताच्या पैशांत आसूची ओळख करून घेण्याची पायरीच त्यामुळे काढून घेतली गेली. मला हा निर्णय पटलेला नाही.

त्या पायरीची जागा आता सामोरोद्नी या वाइनने घेतली आहे. मण्यांची निवड न करता, आटलेले आणि ताजे मणी असलेले अख्खे घड एकत्र घेऊन ती करतात. टोकायची पहिलीच बाटली घेणार असाल, तर सहा पुट्टोन्यच्या मोहात न पडता माद किंवा तोल्चवा गावची गोड सामोरोद्नी घ्या. जेवणानंतर मिष्टान्नासोबत नको, निळ्या बुरशीच्या चीजसोबत घ्या.