रक्तदाबाच्या एका गोळीत दोन औषधे कशासाठी?

मालवण : ‘आधी साधी गोळी होती, आता डॉक्टरांनी दोन औषधांची दिली. म्हणजे दुखणे वाढले?’ रक्तदाबाची गोळी बदलली की घरात हा प्रश्न हमखास निघतो. मग कोणी घाबरून गोळी अर्धी मोडून घेतो, कोणी बंदच करतो. खरा धोका तिथे आहे.

रक्तदाब एकाच कारणाने वाढत नाही. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि अँजिओटेन्सिन हे द्रव्य या दोन्हींना जोर देते. अ‍ॅम्लोडिपिन वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल करते. क्लोरथॅलिडोन जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. पण पाणी घटल्याचे कळताच शरीर अँजिओटेन्सिन वाढवून दाब पुन्हा वर नेऊ पाहते. टेल्मिसार्टन ती वाट अडवते.

मग एकाच औषधाचा डोस दुप्पट का करू नये? कारण त्याने दाब थोडाच उतरतो आणि पाय सुजण्यासारखे त्रास मात्र वाढतात. 2009 मध्ये 42 चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले, की डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसरे औषध जोडल्याने मिळणारी जादा घट सुमारे पाचपट असते. भारतातील 32 रुग्णालयांत 1,981 रुग्णांवर झालेल्या ‘टॉपस्पिन’ चाचणीत दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या तपासल्या गेल्या. सहा महिन्यांत वरचा दाब सरासरी 14 अंकांनी उतरला आणि सुमारे 70 टक्के रुग्ण 140/90 च्या खाली आले. तिन्ही जोड्या जवळपास सारख्याच ठरल्या.

सिंधुदुर्गाला हा विषय नवा नाही. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातील पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा, वर्धा, भंडाऱ्याबरोबर आपला जिल्हा होता. ठरलेली औषधपद्धती आणि सरकारी केंद्रात मोफत गोळ्या, हा त्याचा गाभा.

अर्थात पेजेबरोबर रोज खारा बांगडा आणि लोणचे असेल, तर गोळी एकटी किती पुरी पडणार? दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे. अंगदुखीच्या गोळ्याही परस्पर घेऊ नका. त्या दाब वाढवतात आणि टेल्मिसार्टनसोबत मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. गर्भवतींना तर टेल्मिसार्टन चालतच नाही.

नवी गोळी मिळाली, की घरातली जुनी पाकिटेही डॉक्टरांना दाखवा. ब्रँडचे नाव वेगळे आणि आतले औषध तेच, असे असेल तर नकळत दुप्पट डोस पोटात जातो.