मोटरसायकलची राखण : स्वस्त अलार्म बसवावा कसा, वापरावा कसा

केळीच्या बागेत खत नेणे, दूध घालणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, रात्री-अपरात्री आजाऱ्यास बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात नेणे, ही सारी कामे आज खकनारच्या आसपासच्या खेड्यांत मोटरसायकलवर चालतात. गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते आणि ती चोरीस गेली तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून तिच्या राखणीविषयी या पानावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

हँडल-लॉक जोराने पिळला की मोडतो. मग चावीच्या स्विचखालील तारा जोडून चोर गाडी ‘डायरेक्ट’ करतो. अलार्म त्याचा हात धरीत नाही. तो फक्त ओरडतो. तो राखणदार आहे, कुलूप नव्हे. म्हणून चाकास साखळी व कुलूप हवेच.

साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या अलार्ममध्ये एक छोटी पेटी, एक सायरन आणि एक रिमोट असतो. पेटीत हादरा ओळखणारा भाग असतो. गाडी हलली किंवा चावीची तार जोडली गेली की पेटी सायरनला वीज देते.

बसविण्याची रीत अशी :

1. सीट काढून प्रथम बॅटरीची वजा (–) तार सोडवावी.

2. अलार्मची वीज घेणारी तार फ्यूजमधून बॅटरीच्या अधिक (+) टोकास व दुसरी वजा टोकास जोडावी. फ्यूज कधीही वगळू नये. तार घासून उघडी पडली तर आग लागण्यापासून तोच वाचवितो.

3. चावी ओळखणारी तार, चावी फिरविल्यावरच जिच्यात वीज येते त्या तारेस जोडावी. अशी तार 12 व्होल्टच्या टेस्ट-लॅम्पने शोधता येते.

4. दोन तारा डाव्या व उजव्या इंडिकेटरला जोडाव्यात.

5. पेटी सीटखाली कोरड्या जागी घट्ट बांधावी. सायरनचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. वजा तार सर्वांत शेवटी जोडावी.

तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. सोबतचा कागद पाहूनच काम करावे. नव्या गाडीची वायर कापल्यास वॉरंटी जाण्याचा संभव असतो, म्हणून आधी विक्रेत्यास विचारावे.

काही अलार्म रिमोटने इंजिन सुरू करतात. ही सोय जोडू नये. गाडी गिअरमध्ये राहिली तर ती एकदम पुढे उडी घेते, आणि समोर मूल उभे असू शकते. इंजिन बंद पाडणारी तारही हलक्या प्रतीच्या अलार्ममध्ये न जोडलेली बरी. आतला भाग बिघडला तर गाडी भर रस्त्यात बंद पडते. अशा तारांच्या टोकांना टेप गुंडाळून ठेवावी.

आता बॅटरीचा हिशेब. अलार्म रात्रंदिवस थोडी वीज घेतो. समजा तो 5 मिलिअँपिअर घेतो. तर दिवसाला 120 मिलिअँपिअर-तास झाले. लहान गाडीची 3 अँपिअर-तासाची बॅटरी या हिशेबाने 25 दिवसांत रिकामी होईल, आणि जुनी असल्यास त्याच्या पुष्कळ आधी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अलार्मचा फ्यूज काढून ठेवावा आणि साखळीवर भिस्त ठेवावी.

हादऱ्याची संवेदना फार तीव्र ठेवू नये. मांजराने उडी मारली तरी सायरन वाजू लागला, तर चार दिवसांनी शेजारी उठून पाहणे सोडून देतात, आणि ज्या रात्री खरा चोर येईल त्या रात्रीही ते उठणार नाहीत. शेतात डिझेल पंपाच्या आवाजात सायरन ऐकू येत नाही. तेथे गाडी नजरेसमोरच लावावी.

सायरन वाजल्यास एकट्याने अंधारात धावून जाऊ नये. दिवे लावावेत, शेजाऱ्यांस हाक मारावी, 112 वर फोन करावा. चोर सापडला तर त्यास मारहाण करू नये. पोलिसांच्या स्वाधीन करावे. तोही देवाचेच लेकरू आहे, आणि जमावाच्या हातून माणूस मेला तर ते पाप व गुन्हा दोन्ही होय.

गाडीचा चेसिस व इंजिन क्रमांक वहीत लिहून ठेवावा. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी पूर्ण विमा लागतो. चोरी झाल्यास विलंब न करता ठाण्यात एफआयआर नोंदवावी व विमा कंपनीस कळवावे. कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी घरात जपून ठेवावी.

आपल्या धर्मग्रामातील जे तरुण वायरिंगचे काम जाणतात, त्यांनी म्हातारी माणसे व विधवा भगिनी यांच्या घरच्या गाड्यांना अलार्म बसवून द्यावेत, अशी आमची विनंती आहे.